तिसऱ्या सुईपर्यंत पावणं

मला हात दिला तो डॉक्टरबाईंनी. हे आधी लिहून ठेवते, कारण पुढं जे सांगायचं आहे त्यात माझ्या हातून झालेली एक मोठी चूक आहे, आणि चूक सांगायला बसलं की माणूस स्वतःबद्दलच बोलत राहतो. मग ज्यानं हात दिला तो बाजूला पडतो. म्हणून आधी त्या.

डॉक्टरबाई जनावरांच्या डॉक्टर. सगळी नोकरी राधानगरीकडच्या वाड्यावस्त्यांवर म्हशी-रेडकं तपासण्यात गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी राजारामपुरीतल्या आपल्या घराखाली, गाडी लावायच्या जागेला शटर बसवून घेतलं आणि तिथं कुत्र्यामांजरांचा दवाखाना काढला. पाटी लावली नाही. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "आजारी जनावराला वाचता येत न्हाय, आन् त्याच्या मालकाला इचारायला तोंड हाय की."

मी भंडाऱ्याकडची. सातवीत शाळा सुटली, पुढं लग्न झालं, नवऱ्याला इकडच्या फौंड्रीत काम लागलं आणि एक दिवस, एक रात्र गाडीत बसून आम्ही कोल्हापुरात उतरलो. इथं माझं ओळखीचं कुणी नव्हतं. भाषा मराठीच, पण कुणी बोललं की मला ओरडल्यासारखं वाटायचं. घरी बसून जीव घाबरा व्हायचा, म्हणून इस्त्रीचं टेबल घेतलं आणि डॉक्टरबाईंच्या शटरशेजारी, जिन्याच्या सावलीत मांडलं. परवानगी घ्यायची असते हेही सुचलं नाही.

"ओ पावणं! कुठनं आलीयास?"

मी मागं वळून पाहिलं. मला वाटलं, माझ्यामागं कुणी बाप्या उभा आहे.

"तुलाच इचारतोय. कुठनं?"

"भंडाऱ्याहून जी."

"जी? मी काय कलेक्टर हाय व्हय?" त्यांनी मला टेबलासकट खालीवर न्याहाळलं. मी टेबल उचलायला लागले. तशा म्हणाल्या, "आता कशाला उचलालीस? आत सरक की आनी जरा. उनात कापडं करपतील, आन् तूबी."

त्या दिवशी दोन गोष्टी कळल्या. एक, या बाई स्वतःबद्दल बोलताना 'मी आलो, मी जेवलो' म्हणतात. पुढं कळलं, इकडं पुष्कळ बायका तसं बोलतात. पण पहिल्यांदा ऐकताना मला गंमत वाटली आणि जरा हेवाही. दुसरी, नवीन आलेला कुणीही असो, बाई असो, बाप्या असो, मांजर असो, त्यांच्या लेखी तो 'पावणं'.

कुत्र्याच्या पिल्लांच्या बाबतीत तर त्यांनी याचा कायदाच केला होता. दवाखान्यात एक लांबडं रजिस्टर होतं. त्यात जनावराच्या नावाचा रकाना होता, आणि कुठलंही पिल्लू आलं की त्या रकान्यात त्या 'पावणं' लिहीत. तिसरी सुई होईपर्यंत खरं नाव चढायचं नाही. एक साहेब लॅब्राडोरचं पिल्लू घेऊन यायचे. गोरंपान, गुबगुबीत पिल्लू.

"मॅडम, याचं नाव ब्रुनो आहे," साहेब म्हणाले.

"आसंल. घरात ब्रुनो. हितं पावणं."

"पण ते हाक मारली की बघतं हो."

"मी पावणं म्हटलं तरी बगालंय की. ते आवाजाला बगतंय, नावाला न्हाय. तिसऱ्या सुईला ब्रुनो करू. आत्ता वजनावर ठेवा."

लोक हसायचे, काही रागावायचे. एक आजी मला म्हणाल्या, बाईच्या तोंडात अशुभ आहे, पिल्लू टिकणारच नाही असं धरून चालते. मी एकदा धीर करून विचारलं. डॉक्टरबाई सिरिंज पाहत होत्या. म्हणाल्या, "नाव ठेवलं की लोकास्नी वाटतंय झालं, घरचं झालं आता. मग दुसऱ्या सुईला येत न्हाईत. पावणं म्हटलं की ध्येनात ऱ्हातंय, अजून जायचं हाय परत."

माणसांशी त्या एवढ्या मोठ्यानं बोलायच्या की पलीकडच्या क्लासमधली मुलं खिडकीत यायची. जनावरापुढं मात्र एक शब्द नाही. पिल्लू टेबलावर ठेवलं की त्या नुसता तळवा त्याच्या पाठीवर ठेवून उभ्या राहायच्या. घाई करणाऱ्याला हातानंच थांब म्हणायच्या. पिल्लाचा श्वास खाली बसला की मानेमागची कातडी चिमटीत यायची आणि सुई कधी आत जाऊन बाहेर आली ते मालकालाही दिसायचं नाही. लोक पिल्लू कधी केकाटतंय म्हणून कान टवकारून असायचे आणि पिल्लू त्यांच्या घड्याळाचा पट्टा चाटत असायचं. मी दिवसाला शंभर कपडे करते. हाताचं कसब म्हणजे काय ते मला कळतं. मी इस्त्री बाजूला ठेवून ते बघत राहायची.

आणि त्यांचा फ्रिज. लहानसा, लाकडी घडवंचीवर ठेवलेला. त्यात लसीशिवाय काही नाही. दारातले कप्पे रिकामे, कारण दार उघडलं की पहिला गरम वारा तिथंच लागतो. मधल्या फळीवर लशींची खोकी आणि त्यांच्यात उभा केलेला थर्मामीटर. एका पाडव्याला त्यांची सख्खी बहीण श्रीखंडाचा डबा घेऊन आली आणि वरचा फ्रिज भरलाय म्हणून तिनं तो गुपचूप इथं ठेवला. डॉक्टरबाईंनी दार उघडलं, डबा बघितला, उचलून बाहेर कट्ट्यावर ठेवला. गल्लीतल्या मांजरांनी पाडवा केला. बहीण दोन महिने बोलली नाही.

"श्रीखंड आंबलं तर वासावरनं कळतंय," डॉक्टरबाई मला म्हणाल्या. "लस मेली तर कशावरनं कळतंय? रंग तोच, वास न्हायच. टोचून बसायचं आन् वाटत ऱ्हायचं, झालं आता, आपलं पिल्लू सुटलं."

थर्मामीटरचा आकडा सकाळ, दुपार, संध्याकाळ एका वहीत लिहायचा. दोनच्या खाली नाही, आठच्या वर नाही. सहा-सात महिन्यांनी त्यांनी दवाखान्याची एक किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. सकाळी झाडून घ्यायचं आणि सकाळ-दुपारचा आकडा लिहायचा.

"मला नाही जमणार जी. माझं शिक्षण सातवीपर्यंतच."

"सातवीत आकडे शिकवत न्हाईत व्हय तुमच्याकडं?"

त्या रात्री मी नवऱ्याला किल्ली दाखवली. तो म्हणाला, "सांभाळ हो. दुसऱ्याची किल्ली म्हणजे डोक्यावर पाण्याचा गुंडा." तो खरं बोलला.

आता पिल्लाचं. जिन्याखाली एक कुत्री व्यायली होती. तिला गाडीनं उडवलं आणि चार पिल्लांतलं एकच उरलं. ते सरपटत माझ्या टेबलाखाली आलं आणि इस्त्री केलेल्या कपड्यांच्या गठ्ठ्याला अंग लावून झोपलं, ऊब म्हणून. मी किंचाळले. मला कुत्र्याची भीती आहे, आणि ती उगीच नाही. शाळेत माझ्या बाकावर एक मुलगी बसायची. तिला गावातलं कुत्रं चावलं. घरच्यांनी जखमेवर मिरची भरली, मंत्र घातला. दीड महिन्यानं ती पाण्याचा पेला पाहून थरथरायला लागली. पुढचं लिहीत नाही. बाकावरची तिची जागा मी वर्षभर मोकळी ठेवली होती.

हे मी डॉक्टरबाईंना सांगितलं. त्यांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. मग पिल्लू उचललं आणि माझ्या ओंजळीत ठेवलं.

"भ्या वाटतंय न्हवं? मग टोचून घे याला. तुमी लोक भिता आन् हाकलता. हाकललेलं कुत्रं कुणीच टोचत न्हाय. मग तेबी मरतंय आन् तुझी मैत्रीणबी मरती."

पिल्लाचं पोट माझ्या तळहातावर धडधडत होतं. मादी होती. दीड महिन्याची असावी. आधी जंताचं औषध झालं, मग पहिली सुई. रजिस्टरमध्ये नाव: पावणं. मालक: इस्त्रीवालं पावणं.

त्याच दिवशी मंगळवार पेठेतला एक पैलवान आपलं पिल्लू घेऊन आला होता. कान तुटलेले, मान आणि खांदा एकच. काखेत शिकारी जातीचं काटकुळं पिल्लू. पिल्लाला सुई टोचायची वेळ आली तसा पैलवान भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

"बाई, तीन-तीन डाव कशाला वो टोचायचं? एकदाच मोठी देऊन टाका की."

"तू तालमीत पयल्याच दिवशी मैदान मारलंतंस काय रे?"

"न्हाय की."

"मग? पयल्या दिवशी वस्तादानं डाव दाखवला. परत दाखवला. परत दाखवला. मग अंगात बसला. लस म्हंजी रोगाचा डाव आधी दाखवायचा. खरा रोग अंगावर आला की अंग म्हनतंय, ये, तुला वळखतोय मी."

पैलवान भिंतीकडं बघूनच म्हणाला, "आत्ता कळालं बगा."

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती माझ्या मनात रुतली. पिल्लाच्या अंगात आईच्या दुधातून आलेली ताकद असते. ती आहे तोवर बाहेरची लस नीट लागू पडत नाही, आणि ती कधी संपेल ते कुणाला नेमकं ठाऊक नसतं. आईचं सरलं आणि लसीचं अजून बसलं नाही, असे काही दिवस मध्ये येतात. त्या दिवसांत पिल्लू अगदी उघडं असतं. म्हणून तीन-तीन, चार-चार आठवड्यांनी पुन्हा सुई, आणि तोवर त्याला रस्त्यावर सोडायचं नाही, दुसऱ्या कुत्र्यांत मिसळू द्यायचं नाही. मी ते ऐकून पिल्लाला घरी नेलं आणि दार लावून बराच वेळ त्याच्याशेजारी बसून राहिले. मला गावाची फार आठवण आली.

आता ती चूक.

मे महिना. लग्नसराई. मागच्या गल्लीत पिल्लांचा पार्वो रोग आला होता. रक्ताची हगवण लागून आठवड्यात दोन पिल्लं गेली होती. चूक झाली त्या दिवशी संध्याकाळी माझ्या पिल्लाची दुसरी सुई होती, पैलवानाच्या आणि साहेबांच्या पिल्लाचीही. डॉक्टरबाई नात्यातल्या लग्नाला राधानगरीकडं गेल्या होत्या, पाच वाजता येणार होत्या. सकाळचा आकडा मी लिहिला. चार.

एका घरच्या लग्नाच्या भरजरी साड्या माझ्याकडं होत्या. रोजचे कपडे मी कोळशाच्या इस्त्रीनं करते, पण रेशमावर ठिणगी उडाली तर संपलं, म्हणून त्यांना विजेची इस्त्री. तिची वायर शटरखालून दवाखान्यातल्या बोर्डाला लावायची मुभा डॉक्टरबाईंनी दिली होती. बोर्डावर दोन जागा. एक माझी, एक फ्रिजची. त्या दिवशी माझी जागा बंद पडली. बटण दाबलं, ठोकलं, काही नाही. बाहेर त्या घरची बाई येऊन उभी. "अजून व्हायच्याच हायत व्हय? नवरी थांबलीया!"

मला फ्रिजचा प्लग ठाऊक होता. न कळून केलं असं मी म्हणणार नाही. मनात म्हटलं, एक साडी. एका साडीपुरता काढते, दार तर बंदच आहे. एक साडी झाली. ती बाई म्हणाली, आता ही. मग ती. मग साड्या धरून माझ्यासोबत कार्यालयापर्यंत चल, चुरगळतील. मी गेले. तिथं त्यांनी जेवायला बसवलं. पहिला घास घेतला आणि मला तो प्लग दिसला, भिंतीवरून लोंबकळताना.

धावत आले तेव्हा एक वाजला होता. साडेनऊला काढला होता. फ्रिजचं दार उघडलं. थर्मामीटरवर सोळा.

मी प्लग लावला. तीन वाजता आकडा सातवर आला, साडेतीनला पाचवर. वहीतला दुपारचा रकाना रिकामा होता. मी पेन घेतलं आणि तिथं पाच लिहिलं. एरवी माझं अक्षर वाकडं येतं. तो पाच अगदी सुबक आला.

बरोबर पाचला डॉक्टरबाई आल्या. लग्नातलं जरीचं लुगडं तसंच, वर पांढरा कोट. फ्रिज उघडला, थर्मामीटर पाहिला, चार. वही पाहिली. "शाब्बास," म्हणाल्या. रांगेत पैलवान पहिला, मग साहेब, मग दोघं-तिघं, शेवटी मी. ओढणीत गुंडाळलेलं पिल्लू माझा अंगठा चघळत होतं.

माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते लिहिते. मी म्हणत होते, कुणाला कळणार नाही. मी म्हणत होते, माझ्या पिल्लाला आज बरं नाही असं सांगते आणि उद्या दुसऱ्या दवाखान्यात नेते. किल्ली राहील, सावली राहील, 'शाब्बास' राहील. बाकीच्यांचं काय, ते मी स्वतःला विचारतच नव्हते. डॉक्टरबाईंनी छोटी बाटली काढली, दुसऱ्या बाटलीतलं पाणी तिच्यात सोडलं, हलवली, सिरिंजमध्ये ओढली. पैलवान भिंतीकडं वळला. त्यानं डोळे घट्ट मिटले होते आणि ओठ हलत होते, देवाचं नाव घेत असावा. डॉक्टरबाईंचा तळवा पिल्लाच्या पाठीवर. श्वास खाली बसत होता.

"थांबा जी."

सगळे माझ्याकडं वळले.

"फ्रिज बंद होता. मी बंद केला होता. साडेनऊपासून एकपर्यंत. सोळा झाला होता. वहीतला पाच खोटा आहे जी."

डॉक्टरबाईंनी सुई वर धरली होती. मला वाटलं आता ओरडतील. रोज ओरडून बोलणारी बाई. पण त्या फार हळू बोलल्या, जनावरापुढं उभ्या असल्यासारख्या.

"साडेनऊ नक्की?"

"सकाळचा आकडा लिहिला, त्यानंतर लगेच."

"बरं."

त्यांनी सिरिंज डब्यात टाकली. फ्रिज उघडला आणि एकेक खोकं बाहेर काढून सगळी लस टाकायच्या पिशवीत भरायला लागल्या. साहेब पुढं झाले.

"अहो मॅडम, आता चार दाखवतोय की! साडेतीन तासांत काय होतंय? चालतंय की."

"तुमास्नी चालतंय. त्या पावण्यास्नी चालतंय काय?" त्या थांबल्या नाहीत. "मेली असंल, नसंल. मला ठाऊक न्हाय. जे मला ठाऊक न्हाय ते मी टोचत न्हाय."

"मग हिला काहीतरी बोला! एवढी लस—"

"फ्रिज माझा. किल्ली मी दिली. बोर्ड बंद पडतोय ते मला म्हैन्यापासनं ठाव हुतं, वायरमन बोलावला न्हाय. मला बोला काय ते."

डॉक्टरबाईंनी कोपऱ्यातली निळी बर्फाची पेटी उचलली, पैलवानाकडं पाहिलं. "ए, डोळे उघड. न्हाय टोचलं अजून. गाडी आणलीयास न्हवं? चल, औषधवाल्याकडनं नवी आणू. त्यो सातला बंद करतोय." आणि रांगेला म्हणाल्या, "कुणी जायचं न्हाय. पिल्लं खाली ठेवायची न्हाईत, एकमेकाला लावायची न्हाईत. मी आलो."

सत्तरीच्या घरातल्या बाई, जरीच्या लुगड्यावर पांढरा कोट, मांडीवर निळी पेटी, पुढं तो दांडगा पैलवान आणि गाडी गर्दीत घुसली. पैलवानाचं पिल्लू त्यांनी जाताना माझ्याच हातात दिलं होतं. एका हातात माझं, एका हातात त्याचं, दोन्ही वेगळी धरून मी पाऊण तास उभी होते. हात भरून आले. कुणी माझ्याशी बोललं नाही. पण कुणी गेलंही नाही.

त्या आल्या, पेटी उघडून आधी आतला थर्मामीटर बघितला आणि रांगेतल्या प्रत्येकाला दाखवला. साहेबांनाही. मग एकेक पिल्लू टेबलावर, तळवा पाठीवर, तोच थांबा, तीच चिमूट. कुठलंच केकाटलं नाही. दिवसभर लग्नात उभं राहून, एवढं होऊनही त्यांचा हात जराही हलत नव्हता. माझं पिल्लू शेवटी आलं. सुई झाली तसं मी किल्ली टेबलावर ठेवली.

"ही काय?"

"माझ्याच्यानं नाही होणार जी."

"बस हितं."

त्यांनी वही उघडली, माझा पाच एका रेघेनं खोडला. "आता खरं लिही. आकडा, वेळ, का झालं ते. खाली सही." मी लिहिलं. अक्षर वाकडं आलं. मग त्या त्यांच्या खुर्चीत बसल्या आणि लुगड्याच्या पदरानं चष्मा पुसत राहिल्या.

"माझी पयली नोकरी," त्या म्हणाल्या. "धरणाच्या पल्याड एक वाडी हाय. पावसाच्या आधी म्हशींस्नी घटसर्पाची लस टोचायची. थर्मासमधी बर्फ घालून निघालो. वाटंत गाडी बंद पडली. चालत गेलो. पोचलो तवा बर्फाचं कोमट पानी झालंतं. वाडीनं सकाळपासनं म्हशी बांधून ठेवल्या होत्या. बाई डॉक्टर कवा बगितली न्हवती त्यांनी, समदी जमलीती बगायला. एका म्हाताऱ्यानं गुळाचा चा दिला. आता कसं सांगायचं की लस गेली, परत जातो? हसतील. म्हणतील, बाईला पाठवलं की आसंच हुतंय. टोचली. समद्यांस्नी टोचली."

बाहेर रिक्षा वाजत होत्या.

"आषाढात त्या वाडीतल्या आठ म्हशी गेल्या. मी गेलो तवा माणसं काय म्हणाली ठाव हाय? बाई, तुमी तर सुई दिलीती, तुमचा काय दोष. आन् त्या म्हाताऱ्यानं परत चा दिला मला." त्यांनी चष्मा लावला. "मी पिलो त्यो चा. तू आज बोललीस. मी न्हवतो बोललो. अजूनपतूर कुनाला न्हाय बोललो."

किल्ली त्यांनी माझ्याकडं सरकवली. दुसऱ्या दिवशी वायरमन आला. फ्रिजच्या प्लगवर त्यांनी पांढरी पट्टी चिकटवली आणि तिच्यावर 'हात लावू नये' हे माझ्याकडून लिहून घेतलं. "तुझं अक्षर पायजे. दुसऱ्याचं लिवल्यालं मानूस वाचतंय आन् इसरतंय." त्या फ्रिजवर, त्या वहीवर, श्रीखंडाच्या त्या डब्यावर मी मनात कितीदा हसले होते. त्या दिवसानंतर हसले नाही. एका जुन्या थर्मासचं पाणी कोमट होतं म्हणून ही बाई चाळीस-पंचेचाळीस वर्षं, दिवसातून तीनदा, काचेतल्या पाऱ्याकडं बघत आली होती.

मागच्या गल्लीत त्यानंतर आणखी एक पिल्लू गेलं. मी रोज सकाळी उठले की आधी माझ्या पिल्लाची शी बघायची आणि मग देवाला हात जोडायची. पण त्या संध्याकाळच्या रांगेतली सगळी पिल्लं तिसऱ्या सुईला आली. पैलवान त्या वेळी भिंतीकडं वळला नाही, फक्त छताकडं बघत राहिला. ब्रुनोचं नाव चढलं. साहेब मला म्हणाले, "काय, बरं आहे ना?" एवढंच. मला तेवढं पुष्कळ झालं.

माझा नंबर आला. तिसरी सुई, आणि पिसाळण्यावरची वेगळी सुई. त्या वेगळ्या सुईच्या वेळी माझ्या बाकावरची ती मुलगी मला आठवली आणि मी पिल्लाच्या कानात काहीतरी पुटपुटले. डॉक्टरबाईंनी रजिस्टर ओढलं, 'पावणं' खोडलं.

"सांग नाव."

"वैना. आमच्याकडं वैनगंगा नदी आहे जी, तिच्यावरून."

"हितं पंचगंगा हाय की गं, पाच-पाच नद्यांची! ती न्हाय दिसली तुला?" असं म्हणत लिहिलं मात्र 'वैना'. मग पेन तसंच पुढं सरकलं. मालकाच्या रकान्यात 'इस्त्रीवालं पावणं' होतं. तेही त्यांनी खोडलं.

"आता तुझं. पुरं नाव सांग. बापाचं, गावाचं, समदं."

मी सांगितलं. त्यांनी एकेक अक्षर ठळक लिहिलं. गावाचं नावसुद्धा, जे या शहरात कुणी ऐकलेलं नाही. मी ते वाचलं आणि शटरबाहेर जाऊन कपडे मोजायचं सोंग केलं.

आता दवाखाना बंद आहे. गुडघे गेले म्हणून डॉक्टरबाई राधानगरीकडं आपल्या गावी राहायला गेल्या. शटरच्या जागी मोबाइलचं दुकान आलंय, जिन्याची सावली तेवढी आहे. वैना टेबलाखाली झोपते. दर वर्षी तिची सुई असते, आणि नव्या डॉक्टरांच्या फ्रिजमधला आकडा मी आधी विचारते. ते हसतात. मी हसत नाही. डॉक्टरबाईंचा फोन येतो तेव्हा पलीकडून तोच आवाज, फोन कानापासून लांब धरावा लागतो. "काय गं, आज किती हाय?" म्हणजे फ्रिज नव्हे, कोल्हापुरातलं ऊन.

तुमची फेड कशी करू, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाल्या, "मला काय करतीस फेडून? ठेव फोन." पण मी ठरवलं आहे. आमच्या गावात आजही कुत्र्याला कुणी टोचत नाही, दगड मारतात. एखाद्या उन्हाळ्यात मी एक निळी पेटी घेऊन गावी उतरेन. तालुक्याचे जनावरांचे डॉक्टर हाताशी धरेन, आणि ज्या शाळेत माझ्या बाकावरची जागा मोकळी राहिली होती तिच्या पटांगणात गावातलं एकेक पिल्लू रांगेत आणवेन. सुई डॉक्टर देतील. पाऱ्याचा आकडा मी लिहीन, आणि रजिस्टर मी भरेन. माझ्या वाकड्या अक्षरात, नावाच्या रकान्यात, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत: पावणं, पावणं, पावणं. तिसरी सुई होऊन ते सगळे शब्द खोडले गेले की ते रजिस्टर डॉक्टरबाईंच्या हातात नेऊन देईन. आणि त्यांच्या घरात गेले की आधी चहा मी करेन, गुळाचा.